वहाब मिस्त्रीचे सात दगड

आडगावपेठेत वहाब मिस्त्रीच्या हाताला मान होता, तोंडाला नव्हता. त्याच्या हाताखालची भिंत ओळंब्यात उभी राही आणि त्याच्या तोंडी सापडलेला माणूस वाकडा होऊन घरी जाई. बाप जिनिंगच्या धुराड्याच्या कामावर बऱ्हाणपुराकडून आला, काम संपल्यावर परत जायचं विसरला आणि नवव्या वर्षी पोराच्या हातात टाकी-हातोडा देऊन मोकळा झाला. पुढं पन्नास वर्षं वहाबनं काळा दगड घडवला. मशिदीचा हौद त्याचा, मारुतीचा ओटा त्याचा. दोन्हीकडच्या पंचांनी काम चालू असताना त्याला सारखीच अक्कल शिकवली, त्यामुळं धर्मानं माणसात काही फरक पडतो हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

त्याची एक सवय होती. घडवलेल्या प्रत्येक दगडाच्या खालच्या अंगाला, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं, तो एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन टिंबं ठोकी. खूण बापाची. दगडवाल्याची मजुरी नगावर असते, आणि संध्याकाळी ढिगाशी उभं राहून दुसऱ्याचा नग आपला म्हणणारे प्रत्येक कामावर दोघे तरी निघतातच. वहाबला लिहिता-वाचता येत नव्हतं. रेघ आणि तीन टिंबं हीच त्याची सही. ती त्यानं कुणाच्या सांगण्यावरून कधी केली नाही. गावातल्या बऱ्याच सह्यांबद्दल असं म्हणता येत नव्हतं.

आडगावपेठ तालुक्याचं ठिकाण नव्हतं, पण तिला म्युनिसिपल कमिटी होती. शेगावच्या बाजारात आडगावपेठेचा माणूस बैलाचा भाव करायला उभा राहिला तरी दुसऱ्या वाक्यात कमिटीचा उल्लेख करी. अकरा मेंबर होते. अध्यक्ष रावसाहेब भगवानराव, जिनाचे मालक. बांधकामावर शेषराव ओव्हरसियर. ओव्हरसियर ही पदवी त्याला कमिटीनं दिली होती, ज्ञान कुणीच दिलं नव्हतं.

एकतीस सालच्या सुमाराला वरून हुकूम आला, की गावोगावी मुलं उघड्या विहिरींत पडतात, तरी मुलांचं आरोग्य आणि सुरक्षितता यासाठी वेगळी रक्कम देण्यात येत आहे. शाळांजवळच्या विहिरींना कठडे बांधावेत. आडगावपेठेत अशा चार विहिरी होत्या: मारुतीच्या पाराजवळची, बाजारातली, उर्दू शाळेची आणि टेकडीखालची. रक्कम आली. ती कुठं गेली हे कमिटीच्या कागदांत स्वच्छ लिहिलेलं होतं: चार विहिरींना चार कठडे. कागद खोटा होता असं म्हणता येणार नाही. विहिरींना कठडा होत गेला. फक्त एकाच वेळी झाला नाही.

पहिल्या वर्षी वहाबनं अठ्ठेचाळीस दगड घडवले. चोवीसचा खालचा थर, चोवीसचा वरचा. विहीर गोल, म्हणून प्रत्येक दगड पोटाशी किंचित आत आणि पाठीशी किंचित बाहेर, दोन गड्यांनी उचलावा एवढा. मारुतीच्या विहिरीवर रिंगण बसवताना त्यानं चुना मागितला.

"चुना मांगून येऊन राह्यला," शेषराव म्हणाला. "सध्या कोरडेच लावा."

हिवाळ्यात वरचे साहेब दौऱ्यावर आले. एक विहीर पाहिली, कठड्यावर हात फिरवला, रावसाहेबांच्या बंगल्यावर जेवले आणि गेले. पंधरा दिवसांत कठडा 'चुन्याच्या कामासाठी' उतरवला गेला. चुना मागून येतच राहिला.

दुसऱ्या वर्षी वहाबला बाजारातल्या विहिरीवर बोलावणं आलं. गाडीतून 'नवे' दगड उतरले. त्यानं पहिला दगड आडवा केला आणि खाली आपली रेघ आणि तीन टिंबं पाहिली. मग सगळे अठ्ठेचाळीस उलटून पाहिले. मग तो हसला. हे पुढं त्याला फार वर्षं आठवत राहिलं, की आपण हसलो होतो. त्यानं घेतले दगड, लावले कोरडे, रोजी घेतली आणि घरी येऊन सुनेला, सायराला, सांगितलं, "कमिटीनं कठडा पाळला हाये. दरसाल दावनीले नवी जागा."

साहेब आले. या वेळी त्यांच्याकडं फोटोचा डबा होता. कठड्यासमोर रावसाहेबांचा फोटो निघाला. निघताना साहेबांनी शेरा लिहिला, की मागील वर्षीच्या कामात आणि या वर्षीच्या कामात समाधानकारक एकसारखेपणा आढळला. बायांना गंमत वाटली. औंदा साहेब कोणत्या आळीत येणार हे विचारायला कचेरीत जायची गरज उरली नाही. दगड जिकडं जातील तिकडं साहेब.

गंमत उन्हाळ्यापर्यंत टिकली. चैत्रात बाजारातल्या उघड्या विहिरीत तानुबाईचा पाच वर्षांचा पुंजाजी पडला. तानुबाई पलीकडंच भाजीचं पाल लावून बसली होती. लोक धावले, पण वेळेत कुणी पोचलं नाही. कमिटीनं चौकशी केली. चौकशीला अडचण अशी, की कागदावर त्या विहिरीला कठडा होता. तेव्हा लिहिण्यात आलं, की मूल पालकांच्या हयगयीमुळं कठड्यावर चढून आत पडलं. तानुबाईला ते वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला.

वहाबनं हे ऐकलं त्या दिवशी तो कुणाला वाकडं बोलला नाही. सायराला त्याची तब्येत बिघडलीय असं वाटलं.

तिसऱ्या वर्षी पाळी उर्दू शाळेच्या विहिरीची. शाळेच्या दारापासून विहीर सात पावलांवर. पोरं तहान लागली की डोलची घेऊन धावत, आणि त्या पोरांत वहाबची नात अख्तरी होती. सात वर्षांची, गुडघे कायम फुटलेली. म्हणून या खेपेला बोलावणं येताच वहाब आपल्या पायांनी लवकर गेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मनगटातली ताकद गेली होती. टाकी धरवत नव्हती, दगड बसवणं तेवढं जमत होतं. साहेब यायला आठ दिवस होते. गाडी उतरवून झाल्यावर त्यानं दगड मोजले आणि शेषरावाकडं पाहिलं.

"एक्केचाळीस हायेत."

"हायेत तेवढे लावा."

"अठ्ठेचाळीस पाह्यजेत."

शेषरावानं विहिरीकडं निरखून पाहिलं. "मंग हे इहीर मोठी असन."

"चारई इहिरी एका मापाच्या हायेत, शेषराव. म्या दोरीनं मापल्या. इहिरीनं काई खाल्लं नाई."

"वरच्या थरात थोडी जागा सुटन, सुटू द्या. साहेबाले बसाले होईन."

वहाबनं खालचा थर पुरा केला. वर सतरा लागले, सातांची जागा मोकळी राहिली. तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली. पोरी आल्या, आणि जणू त्यांच्यासाठीच बांधलं असावं तशा त्या मोकळ्या जागेवर चढून ओळीनं बसल्या. पाय आत सोडलेले, खाली वीस हातांवर पाणी.

"अख्तरी, उतर खाली."

"दादा, किती मस्त बसता येते येथी."

तो ओरडला नाही. ओरडल्यानं पोर दचकली असती. जवळ जाऊन त्यानं तिला काखेत धरून उचललं, एकेक करत बाकीच्याही उतरवल्या आणि शेषरावाला म्हणाला, "आधी उघडी इहीर होती, पोट्टे भेत होते. आता तुमी पायरी करून देल्ली."

"आठ दिवसाचा तर सवाल हाये, मिस्त्री. मंग काढूनच नेतो."

वहाबनं पहार उचलून खांद्यावर टाकली आणि काम सोडून तो चालू लागला. त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या: आपले सात दगड परत, आणि एकदा बसवलेलं रिंगण पुन्हा उठता कामा नये.

मुलांसाठी आलेली रक्कम कुठं मुरली हे शोधायला शहाणे लोक कागद चाळतात. वहाबला कागद चाळता येत नव्हते, म्हणून तो खाली बघत गावातून हिंडला. पोटाशी आत आणि पाठीशी बाहेर असा दगड विहिरीशिवाय कुठंच नीट बसत नाही, आणि तरी लोक बसवतात. पहिला त्याला वकील महादेवरावांच्या मोरीत दिसला. महादेवराव मेंबर होते आणि बोलताना हवेत कलम शोधत असत.

"दगड तुझा कशावरून?"

"उलटा करून दाखवतो."

"तुझी खूण असेल. ताबा माझा आहे. वर्षभराचा."

"पोट्ट्याले पडाले सालभर लागत नाई, वकीलसाहेब."

महादेवरावांनी विचार केला आणि मोरीत नवी फरशी बसवून देण्याच्या बोलीवर ताबा सोडला. फरशी वहाबनं आपल्या अंगणातली उपटून आणली. जिनाच्या फाटकाला अडण म्हणून एक दगड होता. तो पहारेकऱ्यानं विडीच्या एका बंडलावर दिला, म्हणजे मेंबरापेक्षा स्वस्तात.

तिसऱ्या दिवशी तो शेषरावाच्या आवारात शिरला तेव्हा मागून तानुबाई आली. कुणी बोलावलं नव्हतं. गावात बातमी फिरली होती, की मिस्त्री कठड्याचे दगड शोधतोय. शेषरावाच्या मोटेजवळ कपडे धुवायचा दगड होता आणि दाराशी पायरी होती. दोन्हींचा बाक पाहूनच कळत होता. धुण्याच्या दगडावरून कपडे घसरतात म्हणून शेषरावाची बायको वर्षभर नवऱ्याला बोलत होती.

शेषराव बाहेर आला. वहाबला पाहून त्यानं आवाज चढवला, तानुबाईला पाहून उतरवला.

"तू काऊन आली वं?"

"दगड पाहाले," तानुबाई म्हणाली. "कागदात लिहेल हाये ना, माहा पुंजा कठड्यावर चढला म्हनून. थो कोन्त्या दगडावर चढला ते पाहाले आली. हा का थो?"

शेषराव घरात गेला आणि मनापासून खोकत बसला. वहाबनं पहार घातली, तानुबाईनं टेकूला ओंडका दिला, आणि दोन्ही दगड निघाले. शेषरावाच्या बायकोनं स्वतः गडी लावून गाडीत चढवले. कपड्यांचा वनवास संपला होता.

रावसाहेबांच्या गोठ्यात दोन सापडले. तिथं वहाबनं बराच वेळ पागोटं नीट करत काय बोलायचं ते जुळवलं, पण बोलायची वेळच आली नाही. मनकर्णाबाईसाहेब ओसरीवरूनच म्हणाल्या, "थे वाकडे दगड ना? न्या बाप्पा. गाय घसरते त्याइच्यावरून." लेकरांचा विषय निघालाही नाही. वहाबनं तो काढला नाही. गाईच्या पुण्याईनं काम होत असताना लेकरांना मध्ये आणणं त्याला धोक्याचं वाटलं.

सहा झाले. सातवा मिळेना. दोन दिवस त्यानं मशिदीच्या पायऱ्यांपासून स्मशानातल्या चौथऱ्यापर्यंत सगळं गाव पालथं घातलं. शेवटी रोजीचं विचारायला तो कमिटीच्या कचेरीत गेला आणि हॉलच्या दारात थबकला. दाराशेजारच्या भिंतीत एक दगड होता. भिंत सरळ आणि दगड मात्र जेवण जास्त झालेल्या माणसासारखा पोट पुढं काढून बसलेला. त्यावर अक्षरं कोरून सोनेरी रंग भरला होता. अक्षरं खामगावच्या कोण्या कारागिराची, दगड वहाबचा.

"काय लिहेल हाये?" त्यानं कारकुनाला विचारलं.

कारकुनानं उभं राहून वाचलं, कारण ती पाटी उभं राहून वाचायची रीत होती. 'बालकांच्या रक्षणार्थ या कमिटीने चार विहिरींस पक्के कठडे बांधिले.' खाली अकरा नावं. पहिलं नाव रावसाहेबांचं, इतरांच्या दुप्पट उंचीचं.

कठड्यातला दगड काढून त्यावर कठडा बांधल्याचं लिहिणं ही कल्पना एकट्या माणसाला सुचणारी नव्हती. त्यासाठी अकरा जण लागतात. वहाबनं पाटीच्या खालच्या कडेला बोट घातलं. चुन्याच्या आड तीन टिंबं बोटाला लागली.

रावसाहेब आत बसले होते. वहाब आत गेला आणि सातवा दगड मागितला. रावसाहेबांना राग आला नाही. लहान माणसांवर ते रागावत नसत, समजावत.

"मिस्त्री, तुमी दगड लावा. धोरण आमी पाहू. पाटी काढली तर लोक काय म्हनतीन?"

वहाबच्या तोंडाशी जे आलं ते त्यानं गिळलं. आयुष्यात असं गिळण्याचा त्याला सराव नव्हता, त्यामुळं थोडा वेळ लागला. डोळ्यासमोर अख्तरीचे आत सोडलेले पाय होते.

"लोक येथी येतेतच कोठी, रावसाहेब," तो म्हणाला. "एक चपराशी येते, त्याले वाचता येत नाई. साहेब तं कचेरीत पायच ठेवत नाईत, सरळ तुमच्या बंगल्यावर जेवाले जातेत. गेल्या साली तुमचा फोटो काढला इहिरीवर. मांगे काय होतं? नुसता दगड. कोनाचा बी असन. औंदा हे पाटी वरच्या थरात बसोली, तं फोटोत तुमी राहान आन् मांगे तुमचं नाव."

रावसाहेबांनी दाराकडं, पाटीच्या दिशेनं पाहिलं. त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्यांत ही पाटी वाचू शकेल असा एकही माणूस नव्हता, आणि शाळेतली पोरं तर उर्दू वाचत. साहेबांना इंग्रजीच येई. पण हे रावसाहेबांच्या मनात आलं नाही. नाव असणं आणि नाव वाचलं जाणं यात फरक असतो, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

"बसन का नीट?" त्यांनी विचारलं.

"थे जागा त्याचीच हाये."

"पक्की बसवा मंग. नावाचा दगड आहे. कोनी उचलून नेला तर?"

"हाव, नेतीन," वहाब म्हणाला. "लोकायचा काई नेम नाई. चुना पाह्यजे, शिसं पाह्यजे. आन् एक दगड पक्का कराचा तं शेजारचे दोन पक्के पाह्यजेत. त्याइचे शेजारी बी. रिंगन हाये, रावसाहेब, साखळीवानी. एक कडी ढिली राह्यली का नाव गेलं."

शेषराव दाराशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "पन रावसाहेब, पुढच्या साली टेकडीखालच्या इहिरीले..."

"पुढच्या सालचं पुढच्या साली," रावसाहेब म्हणाले. "चुना द्या त्याइले. आजच्या आज."

तीन वर्षं मागून येत असलेला चुना दोन तासांत आला. वहाबनं खालचा थरही उसवला आणि पुन्हा पहिल्यापासून रिंगण घातलं. दोन दोन दगडांच्या जोडावर खाच, खाचेत लोखंडाची पट्टी, वर वितळलेलं शिसं. तानुबाई चुना मळायला आली. दिवसभर ती चुन्याच्या घाणीभोवती फिरली. पाटी त्यानं वरच्या थरात, शाळेच्या दारासमोर, सगळ्यात शेवटी बसवली. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी त्यानं अख्तरीला हाक मारली.

"चढून पाह्य."

तिनं सगळीकडून प्रयत्न केला. पाय ठेवायला कुठं खाच नव्हती, बसायला मोकळी जागा नव्हती. काठ तिच्या बगलेला लागत होता. ती कंटाळून म्हणाली, "दादा, आता काईच मजा नाई येथी."

"चाल मंग, घरी जा," वहाब म्हणाला.

साहेब आले, फोटो निघाला. रावसाहेबांची पाठ मोठी असल्यामुळं फोटोत त्यांचं नाव त्यांच्याच मागं झाकलं गेलं. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, की काम पूर्वीसारखंच. शेषराव महिन्यानं पहार घेऊन दोन गड्यांसह आला, सकाळभर ठोकून पाहिलं आणि गड्यांना घेऊन परत गेला. पुढच्या हिवाळ्यात टेकडीखाली दाखवायला दगड नव्हते. पण साहेबांना पुन्हा उर्दू शाळेच्याच विहिरीवर नेलं, पाटीवर चार विहिरी लिहिल्याचं वाचून दाखवलं, आणि साहेब समाधान पावले. चौथी विहीर पाहायची राहिली. बाकीच्या तीन तशाच उघड्या.

वहाब शाळा सुटायच्या वेळेला विहिरीच्या पलीकडं कडुलिंबाखाली येऊन बसू लागला. लोक म्हणत, मिस्त्री आपलं काम पाहत बसतो. तानुबाईचं घर बाजाराशेजारी, पण ती पाणी इथून नेई. बाजारातली विहीर ओलांडून, अर्धा कोस चालून. एक दिवस भरलेली घागर कठड्यावर ठेवून ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

"बाकीच्या इहिरीइचं काय, वहाबभाऊ?"

"मनगट गेलं माहं. दगड घडत नाई आता."

वहाबनं गावातल्या प्रत्येकाबद्दल काही ना काही बोलून ठेवलं होतं. उरलेलं एक, स्वतःबद्दलचं, त्यानं तेव्हा बोलून टाकलं.

"बाजारातल्या इहिरीवर कोरडे दगड म्याच लावले होते, तानुबाई. उलटून पाह्यले, माह्ये मले दिसले. थे उठनार हायेत हे मले माहीत होतं. हासलो आन् रोजी घेतली."

"मले माहीत हाये," तानुबाई म्हणाली. "मी समोर पाल लावून बसेल होती. तुमी हासले ते पाह्यलं म्या."

तिनं कठड्याकडं जाऊन घागर काठाशी ओढली.

"हात लावा," ती म्हणाली. "एकटीले उचलत नाई."

वहाब उठला. मनगट दुखत होतं. त्यानं दोन्ही हातांनी घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली.